लेबलच्या नियमांची खबर पुरवणारी वर्गणी-सेवा: एका लोणचे-मसाला उत्पादकाचा अभिप्राय

पॅकबंद खाद्यपदार्थ विकणाऱ्याला माल बिघडण्याची जितकी धास्ती असते, तितकीच पाउचवरचा मजकूर कालबाह्य ठरण्याची असते. ही दुसरी धास्ती धंद्याबाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. पाउच ज्या प्लास्टिकच्या पातळ पटलाचे बनते त्या छापील लॅमिनेटचा रोल मागवायचा तर प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, छपाईवाला ठरावीक वजनाखालची ऑर्डर घेत नाही, आणि एकदा आलेला रोल आमच्यासारख्या लहान उत्पादकाला वर्ष-दीड वर्ष सहज पुरतो. मधल्या काळात एखादे चिन्ह किंवा एखादा शब्द बदलला, तर उरलेला रोल भंगारात घालावा लागतो किंवा प्रत्येक पाकिटावर हाताने स्टिकर लावत बसावे लागते. हे टाळण्यासाठी आम्ही २०२४ पासून एका खासगी संस्थेची वर्गणी भरत आहोत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, लेबल, जाहिरात आणि आयात यांच्या नियमांत जे बदल करते ते कळवणे आणि सभासदांची लेबले तपासून देणे, हे या संस्थेचे काम. तिचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही. अशी सेवा देणारे आता बरेच आहेत, त्यांची मांडणी थोडीफार सारखीच असते, आणि वर्गणी भरण्यापूर्वी काय पारखून घ्यावे हे सांगायला नावाची गरज पडत नाही.

आमचे मुख्य काम लोणची, चटण्या, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांचे. कारखाना सांगली जिल्ह्यात आहे. थोडा माल वितरकामार्फत अमेरिका आणि इंग्लंडमधल्या भारतीय किराणा दुकानांत जातो. शिवाय वाशीच्या एका भागीदाराबरोबर खजूर आणि बाटलीबंद ऑलिव्ह यांची लहानशी आयात न्हावा-शेवा बंदरातून होते. म्हणजे लेबल, जाहिरात आणि आयात या तिन्ही बाजूंनी सेवेची परीक्षा घेण्याइतका आमचा व्याप आहे, मात्र पगारी नियम-अधिकारी नेमण्याइतका नाही. वर्गणीत आठवड्याचा सारांश ईमेलने येतो, तातडीच्या बदलांचा संदेश फोनवर येतो, वर्षाला ठरावीक लेबलांची तपासणी करून मिळते आणि कामाच्या वेळेत फोनवर सल्ला घेता येतो. चारही गोष्टींचा दर्जा एकसारखा नाही. पैसे वसूल होतात ते प्रामुख्याने लेबल तपासणीत.

या तपासणीचा कस आमच्या कैरीच्या लोणच्याच्या वेळी लागला. घटकांची यादी आम्ही पद्धतशीर लिहिली होती: कैरी, मीठ, तेल, मोहरीची डाळ, तिखट, हळद, मेथी, हिंग. पाठवलेल्या मजकुरावर संस्थेच्या सल्लागार बाईंचा फोन आला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुम्ही हिंग कोणता वापरता? त्याचे पाकीट समोर असेल तर मागचे घटक वाचून दाखवता का?" पाकिटावर गव्हाचे पीठ, डिंक आणि हिंग असे लिहिलेले होते. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग असा बांधानीच असतो, कारण अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून येणारा कच्चा हिंग फार उग्र असतो आणि तो पिठात किंवा डिंकात मिसळूनच वापरता येतो. लेबल व प्रदर्शन विनियम २०२० मध्ये ॲलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांची यादी आहे, आणि गव्हासारखी ग्लुटेन असलेली तृणधान्ये तिच्यात येतात. पाच टक्क्यांहून कमी प्रमाणात वापरलेल्या मिश्र घटकाची, जसा येथे हिंग, फोड करून सांगण्याची सक्ती एरवी नसते. पण त्या फोडीत गहू असेल, तर त्याचा उल्लेख करावाच लागतो. लोणच्याच्या बरणीत गहू आहे हे आम्हांलाच काय, आमच्या गावच्या निम्म्या गिऱ्हाइकांनाही पटले नसते. त्या फोननंतर आम्ही लेबलावर गव्हाचा उल्लेख घातला आणि लगोलग तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग मिळतो का याची चौकशी सुरू केली. कोणत्याही बातमीपत्रातून ही गोष्ट कळली नसती, कारण नियमात काही बदललेच नव्हते. माणसाने पाकीट वाचायला लावले म्हणून ती कळली.

तपासणीतले इतर शेरेही असेच नेमके असतात. मांसाहारी पदार्थाच्या चिन्हात तपकिरी चौकोनात आता वर्तुळाऐवजी त्रिकोण हवा, ही गोष्ट सुकट चटणीच्या जुन्या आर्टवर्कवर, म्हणजे छपाईच्या नमुन्यावर, त्यांनी लाल खूण करून दाखवली. पोषणमूल्याच्या तक्त्यात साखर एकदाच लिहून भागत नाही, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी द्यावी लागते, हे गुळांब्याच्या वेळी उपयोगी पडले. रोजच्या गरजेची टक्केवारी २००० किलोकॅलरीच्या आहारावर काढायची असते आणि सोडियमसाठी २००० मिलिग्रॅम हा आकडा धरायचा असतो. त्या हिशेबाने लोणच्याच्या एका फोडीची टक्केवारी पाहिल्यावर आमच्या घरातच जेवताना बरण्या जरा लांब ठेवल्या जाऊ लागल्या, हा वर्गणीबाहेरचा लाभ. मराठी मजकुराविषयीचा शेराही महत्त्वाचा आहे. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला देता येते, तिच्या जागी नाही. बचत गटांची कित्येक सुबक मराठी लेबले या एका कारणाने अपुरी ठरतात, आणि हे त्यांना कोणीतरी छपाईआधी सांगायला हवे.

सेवेचा दुसरा खरा गुण असा की, मसुदा, परिपत्रक, सल्लावजा सूचना आणि राजपत्रात आलेला अंतिम नियम यांत ती गल्लत करत नाही. हे सोपे वाटते. पण वर्तमानपत्रे आणि व्हॉट्सॲपवरचे व्यापारी गट नेमके येथेच घोटाळा करतात. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मान्यता दिली, तेव्हा आमच्या छपाईवाल्याने "सगळ्यांचे सिलिंडर बदलावे लागणार" असा निरोप दिला. सेवेच्या टिपणात मात्र पहिल्याच ओळीत लिहिले होते की, हा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होणार आहे, आज काहीही बदलू नका. पाकिटाच्या दर्शनी भागावर पदार्थ किती आरोग्यदायी हे दाखवणारे तारे देण्याच्या प्रस्तावाचीही तीच गोष्ट. मसुदा सप्टेंबर २०२२ चा आहे, त्यावर वाद झाले, एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी तीन महिन्यांत मागवल्या. या सगळ्या प्रवासाचा तक्ता सेवेने ठेवला आहे आणि त्यात "तुम्हांला आज काय करायचे आहे" या रकान्यात बराच काळ "काही नाही" एवढेच होते. पैसे घेऊन "काही नाही" असे लिहिणारा सल्लागार मला विश्वासू वाटतो. लेबलविषयक दुरुस्त्या शक्यतो १ जुलै या एकाच तारखेपासून लागू करण्याचे प्राधिकरणाचे धोरण असल्यामुळे रोलची ऑर्डर कोणत्या महिन्यात द्यावी, याचाही त्यांनी आम्हांला नीट अंदाज घालून दिला.

आठवड्याच्या सारांशाबद्दल मात्र इतके चांगले म्हणता येत नाही. २१ ऑगस्ट २०२४ रोजी प्राधिकरणाने दूध, तूप, लोणी यांवरील "ए१" आणि "ए२" हे दुधातल्या प्रथिनाच्या प्रकाराविषयीचे दावे काढून टाकण्यास सांगितले आणि २६ ऑगस्टला, म्हणजे पाचच दिवसांत, ती सूचना मागे घेतली. सारांशाचा जो अंक आमच्याकडे आला त्यात पहिली सूचना सविस्तर होती आणि माघारीचा उल्लेखही नव्हता, कारण अंक तयार होऊन तो पाठवला जाईपर्यंतच्या काळात ती माघार घेतली गेली होती. दुरुस्ती पुढच्या अंकात आली. आम्ही तूप विकत नाही म्हणून निभावले; आमच्या ओळखीच्या एका गोशाळावाल्याने तोवर छपाईवाल्याला नवा मजकूर पाठवलाही होता. ज्या क्षेत्रात आदेश आठवड्याच्या आत उलटतात, तेथे आठवड्याने निघणारा कागद संदर्भासाठी ठीक आहे, निर्णयासाठी नाही. तातडीच्या संदेशाची सोय याचसाठी ठेवलेली आहे. पण कोणती गोष्ट तातडीची हे ठरवताना संस्थेचा हात आखडता असतो.

जाहिरात आणि दावे या विभागातली टिपणे वाचनीय आहेत, आणि येथे थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण महाराष्ट्रातल्या घरगुती उद्योगांची सर्वाधिक अडचण याच ठिकाणी होते. आपल्याकडे "घरगुती", "पारंपरिक", "अस्सल", "शुद्ध" हे शब्द लोणच्याच्या लेबलावर मिठाइतकेच ठरलेले असतात. जाहिरात व दावे विनियम २०१८ ने अशा शब्दांच्या वापराला अटी घातल्या आहेत, आणि घरी बनवल्याचा आभास देणारे शब्द वापरू नयेत असेही त्यात आहे. आमच्या पाउचवर आजीचे चित्र आणि त्याखाली "घरगुती चव" असे होते. सल्लागार बाईंनी चित्राला हरकत घेतली नाही, शब्द मात्र काढायला लावला. कारखान्यात वाफेच्या कढईत दीड-दोनशे किलोंचा घाणा काढणाऱ्याने तो शब्द वापरू नये, हे त्यांचे म्हणणे आम्ही फार हुज्जत न घालता मान्य केले. "शुद्ध" किंवा "पारंपरिक" असा एखादा शब्द ब्रँडच्या नावातच असेल, तर ते केवळ नाव आहे आणि पदार्थाचे खरे स्वरूप सांगत नाही, अशी सूचना किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. शेजारच्या गावातल्या किती ब्रँडांना हे लागू पडेल, याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला.

"१०० टक्के" या शब्दप्रयोगाचा प्रवासही त्यांनी चांगला मांडला आहे. जून २०२४ मध्ये अर्कापासून पुन्हा तयार केलेल्या फळांच्या रसांवरून "१०० टक्के फळांचा रस" हा दावा काढण्याचे निर्देश आले, छापून ठेवलेले पॅकिंग संपवायला १ सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत दिली गेली, आणि मे २०२५ मध्ये तर लेबलांवर व जाहिरातींत हा शब्दप्रयोगच टाळावा, अशी सर्वसाधारण सूचना निघाली, कारण कायद्यात त्याची कोठेही व्याख्या नाही. त्याहून चांगले टिपण ऑक्टोबर २०२५ मधल्या "ओआरएस"विषयीच्या, म्हणजे जुलाबात देतात त्या साखर-क्षारांच्या द्रावणाच्या नावाविषयीच्या, आदेशावरचे होते. जुलै २०२२ आणि फेब्रुवारी २०२४ च्या आदेशांनी काही पेयांना नावात "ओआरएस" हा शब्द खुलाशासह वापरू दिला होता. १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ती सवलत काढून घेतली. आम्ही पेये विकत नाही, तरी हे टिपण मी भागीदाराला वाचायला दिले. आदेशाने मिळालेली सवलत आदेशानेच जाते, तेव्हा अशा सवलतीच्या भरवशावर ब्रँडचे नाव उभे करू नये, हे त्यातून नीट कळते.

आयातीच्या बाबतीत सेवा उपयोगी आहे. पण तिच्या संक्षेपावर विसंबू नये. आयात विनियम २०१७ नुसार माल सीमाशुल्कातून सुटताना त्याच्या एकूण आयुष्यमानाच्या किमान ६० टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढे आयुष्य शिल्लक हवे. सेवेच्या एका पानी तक्त्यात फक्त "६० टक्के" एवढेच छापले होते. बारा महिने टिकणाऱ्या ऑलिव्हच्या बरणीला ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून अधिक झाले. प्रत्यक्षात तिला तीन महिने पुरतात. आमच्या सीमाशुल्क एजंटाने हे एका वाक्यात सांगितले नसते, तर परदेशातल्या विक्रेत्याकडून आम्ही विनाकारण महागडा ताजा माल मागवला असता. फोन केल्यावर तक्ता त्याच दिवशी दुरुस्त झाला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याच विभागातला दुरुस्त करता येणाऱ्या त्रुटींचा भाग मात्र उत्तम आहे. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आणि पदार्थाचा प्रवर्ग एवढ्याच गोष्टी बंदरातल्या बंधित, म्हणजे सीमाशुल्काच्या ताब्यातल्या, गोदामात स्टिकर लावून भरता येतात. घटकांची यादी, बॅच क्रमांक किंवा तारीख मुळातच नसेल, तर स्टिकर कामाला येत नाही आणि माल अडतो. म्हणून विक्रेत्याकडून जहाज सुटण्यापूर्वी लेबलाचा फोटो मागवा, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो शंभर वेळा सांगण्यासारखा आहे.

निर्यातीचा विभाग हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग. वर्गणीच्या पत्रकात "निर्यात मार्गदर्शन" असे शब्द आहेत. प्रत्यक्षात लेबल तपासणी भारतीय नियमांपुरतीच होते, आणि तपासून आलेल्या आर्टवर्कवर हिरवा शिक्का मारताना हे कोठेही स्पष्ट लिहिलेले नसते. लोणच्या-मसाल्याच्या धंद्यात हा फरक फार मोठा ठरतो. भारताच्या ॲलर्जीकारकांच्या यादीत मोहरीही नाही आणि तीळही नाहीत. ब्रिटनच्या चौदा ॲलर्जीकारकांच्या यादीत दोन्ही आहेत, आणि तेथे असे घटक यादीतच ठळक करून दाखवावे लागतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावा लागतो. कॅनडात मोहरी आणि तीळ दोन्ही लागतात, वर मजकूर इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत हवा. गोडा मसाल्यात तीळ आणि लोणच्यात मोहरीची डाळ नसेल, तर राहिलेच काय? भारतीय नियमांत शंभर नंबरी बसलेली आमची दोन्ही लेबले यांपैकी कोठे ना कोठे सदोष ठरतात, आणि हे आम्हांला तिकडच्या आयातदाराने सांगितले, वर्गणी घेणाऱ्या संस्थेने नव्हे.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलिन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या कारणाने कारवाई केली, त्या वेळचे टिपण हा या विभागातला अपवाद. मसाल्यांतल्या या द्रव्याच्या अवशेषाची मर्यादा युरोपीय संघात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेत दशलक्षात ७ भाग. म्हणजे एकच पोते एका बंदरात जाळले जाईल आणि दुसऱ्यात हसत उतरवून घेतले जाईल, हे त्या टिपणात साध्या तक्त्याने दाखवले होते. असे काम दर महिन्याला केले, तर निर्यातीचा विभाग त्यांनी जरूर स्वतंत्र किमतीला विकावा.

आणखी एक उणीव अशी की, पाकीट एक असले तरी त्यावर हुकूम चालतो तो दोन कायद्यांचा. घटक, पोषणमूल्य, ॲलर्जी आणि परवाना क्रमांक अन्न सुरक्षा कायद्याखाली येतात. निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क वैध मापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, पॅकबंद वस्तू नियम २०११ खाली येतात. दोन्ही खात्यांची कार्यालये वेगळी, निरीक्षक वेगळे, दंडही वेगळे. सेवा पहिल्या कायद्यात पारंगत आहे आणि दुसऱ्याबद्दल जवळपास मुकी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा जुन्या किमतीच्या मालाचे आणि छापून ठेवलेल्या पॅकिंगचे काय करायचे, यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच महिन्यात आधी एक सूचना काढली आणि नंतर ती बदलली. दुकानदार रोज फोन करत होते, आणि आमच्या वर्गणीतून त्या आठवड्यात आलेला संदेश आयात केलेल्या मधाविषयी होता. शेवटी आमच्या हिशेबनीसानेच दोन्ही सूचना शोधून काढल्या.

ही वर्गणी कोणी घ्यावी, हे व्यापावर अवलंबून आहे. परवान्याऐवजी साध्या नोंदणीवर चालणारा बचत गट, ज्याची चार-पाच उत्पादने साध्या पाउचवर स्टिकर लावून विकली जातात, त्याला ही गरज नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनियमांचे एकत्रित संकलन, परिपत्रके आणि मसुदे विनामूल्य मिळतात, आठवड्यातून एकदा ते पाहिले आणि नव्या लेबलाच्या वेळी एखाद्या जाणकाराला सुटे पैसे देऊन तपासून घेतले की काम भागते. छापील रोल वापरणाऱ्या, पंधरा-वीस उत्पादने असलेल्या आणि ऑनलाइन बाजारपेठेत माल ठेवणाऱ्या उत्पादकाला मात्र वर्गणीचा खर्च एका वाया गेलेल्या रोलपेक्षा कमी पडतो. त्याने भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: लेबल माणूस तपासणार की संगणक, वैध मापनाचे नियम तपासणीत धरले आहेत का, आणि हिरवा शिक्का कोणत्या देशापुरता आहे.

यंदा नूतनीकरण करताना आम्ही निर्यातीचा भाग वगळला आणि त्या पैशांत लेबल तपासणीच्या फेऱ्या वाढवून घेतल्या. शिक्क्याखाली "केवळ भारतातील विक्रीसाठी" असे छापण्याची आमची विनंती त्यांनी मान्य केली आहे. वैध मापनाचा विभाग सुरू करण्याबद्दल मात्र "विचाराधीन" एवढेच उत्तर आले आहे, आणि तोवर किमतीच्या ओळीची तपासणी आमचा हिशेबनीसच करतो आहे.